बाबांनी लेथवर केलेला बॉल

आमच्या कुवेतमधल्या हवल्लीच्या घरात विकतचं लाटणं कधी आलं नाही. लाटणं, कुकरची मूठ, खिडकीची कडी, कपाटाच्या दाराची चकती, आईच्या शिवणयंत्राचं बॉबिन, सगळं अम्गऱ्याहून, कारखान्यांच्या वस्तीतून यायचं. बाबा तिथल्या एका वर्कशॉपात टर्नर होते. दिवसभर लेथवर उभं राहून पंपांचे शाफ्ट करायचे, ट्रकांचे बुश करायचे, आणि संध्याकाळी घरी आले की त्यांच्या केसांना तेलाचा नि तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. घरात काही मोडलं की आई नुसती "अहो" म्हणून ती वस्तू पुढे धरायची. बाबा खिशातून व्हर्निअर काढायचे. इतरांचे वडील खिशात पेन ठेवतात, आमचे व्हर्निअर ठेवायचे. माप घ्यायचं, सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहायचं आणि म्हणायचं, "उद्या बनवून हाडतंय." दुसऱ्या दिवशी ती वस्तू आलेली असायची, आणि मूळच्यापेक्षा चांगली असायची. आमचं लाटणं पांढऱ्या नायलॉनचं होतं. आई म्हणायची, मी पोळ्या लाटते की पाण्याचा पंप उघडून बसलेय, माझं मलाच कळत नाही.

बाबा वेंगुर्ल्याकडचे. तीस वर्षं कुवेतमध्ये काढली, पण तोंडातली मालवणी हलली नाही. अर्थात तोंड उघडलं तर. माणूस मुलखाचा अबोल. कधी कधी दिवसाला दहा वाक्यं व्हायची, त्यातली चार माशांबद्दल. शुक्रवारी मासळी बाजारात जाऊन झुबैदी, म्हणजे तिकडचं पापलेट, आणायचे, ओट्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "सरंगो." झालं, संपलं बोलणं. आई मिरजेची, सरकारी इस्पितळात नर्स, आणि तिला एका श्वासात अर्धा तास बोलता यायचं. तिची ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची, त्यामुळे फ्रिजच्या दारावर तिच्या चिठ्ठ्या असायच्या आणि त्या चिठ्ठ्यासुद्धा बोलायच्या: "आमटी गरम करताना ढवळ, तुझ्या बापाला सांगू नकोस, तो झाकण मोजत बसेल." त्या दोन मराठींच्या मधे मी वाढले, आणि दोघांना उत्तरं द्यायची ती इंग्रजीत. माझी कॉमेंट्री ऐकणाऱ्यांना आज खरं वाटणार नाही, पण पंधराव्या वर्षी मला एक धड मराठी वाक्य शेवटाला नेता येत नव्हतं. आई म्हणायची, ही इकडची नाही नि तिकडचीही नाही. मला त्याचा राग यायचा, कारण ते खरं होतं.

राग मला तसा कशाचाही यायचा. दोन खोल्यांचं घर, खिडकीतला एसी सतत खडखडतोय, बाहेर असं ऊन की गाडीच्या दाराला हात लावला तर फोड येईल. जायचं कुठं? माझं बूड एका जागी टेकत नसे. मी फेकायचे. बटाटे टोपलीत, मोजे दोरीवर, कालची खुबूसची रोटी कचऱ्याच्या डब्यात, आणि बहुतेक वेळा नेम बसायचा. ज्या दिवशी मी लिंबानं दिवा फोडला त्या दिवशी आई म्हणाली, "हिच्या हाताला काहीतरी काम द्या हो, नाहीतर घर राहायचं नाही." बाबा दिव्याकडे बघत होते. मग लिंबाकडे बघितलं. "नेम बरो आसा," एवढंच म्हणाले.

काम दिलं झैनबनं. झैनब आमच्या वरच्या मजल्यावरची, श्रीवर्धनकडची. तिच्या अब्बांचं हवल्लीतच तयार कपड्यांचं दुकान होतं. माझ्याच वयाची, माझ्या दीडपट रुंद, आणि कशालाही न घाबरणारी. ती दर शुक्रवारी सकाळी कुठेतरी जायची आणि गुडघ्यापर्यंत वाळू घेऊन यायची. एकदा मला म्हणाली, "यू थ्रो लाइक अ मॅड पर्सन, कम नो." मी गेले. एगैलाच्या पुढं एका कंपनीच्या कामगारांच्या जुन्या कॅम्पाला लागून तारेचं कुंपण घातलेलं वाळूचं मैदान होतं. तिथे नेस्टर नावाचा एक फिलिपिनो माणूस पोरांना बेसबॉल शिकवायचा. आठवडाभर फोर्कलिफ्ट चालवायचा आणि शुक्रवारी हे. फिलिपिनो, कोरियन, लेबनीज, दोन पाकिस्तानी भाऊ आणि झैनब, मुलं-मुली सगळी एकाच टीममध्ये. त्यानं माझ्या हातात बॉल दिला. तांबड्या दोऱ्याची शिवण असलेला, पांढरा, क्रिकेटच्या चेंडूहून थोडा मोठा. झैनब पायांवर उकिडवी बसली, मोठा चामड्याचा पंजा पुढे धरला. मी फेकला. नेस्टर कोच म्हणाला, "अगेन." असं त्यानं तीस वेळा म्हटलं. परतताना त्यानं झैनबला सांगितलं की पुढच्या शुक्रवारी हिला विसरून आलीस तर तूही येऊ नकोस.

पिचरचं, म्हणजे बॉल फेकणाऱ्याचं, काम सोपं आहे, सांगायला. समोर बॅट घेऊन एक उभा. त्याच्या पलीकडे आपलं माणूस पंजा धरून बसलेलं. बॅटवाल्याला चुकवून बॉल त्या पंजात पोचवायचा, तीनदा चुकवला की तो बाद. बस. पण ते करताना जे होतं ते मला आजतागायत नीट लिहिता आलेलं नाही. हात मागं जातो, पाय उचलला जातो, आणि एवढा वेळ अंगात जी वळवळ चाललेली असते ती सगळी एका जागी गोळा होऊन बोटांतून निघून जाते. त्यानंतर दोन-तीन सेकंद मी शांत असायचे. आठवड्यातले तेवढेच. मग पुन्हा बॉल हातात आणि पुन्हा वळवळ.

आता अडचण सांगते. कुवेतमधल्या आमच्यासारख्या घरांत एक ठरलेलं असे. दहावी झाली की पोरगी गावी. पुढचं शिक्षण तिकडे, मावशीकडे नाहीतर होस्टेलवर. माझी मिरजेची मावशी ठरलेली होती, कॉलेज ठरलेलं होतं, आणि जांभळी सूटकेस कपाटावर येऊन बसली होती. मी अभ्यासाला बसले की ती बरोब्बर समोर दिसायची. त्याच वर्षी नेस्टर कोचनं सांगितलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत कुवेतच्या पोरांची एक टीम बाहेरच्या देशात खेळायला जाणार आहे. निवड शुक्रवारच्या लीगच्या शेवटच्या सामन्यात. निवडणारे दोघे जण तिथे येऊन बसतील. "यू पिच, यू गो," तो मला म्हणाला. मी घरी आले, सूटकेसकडे बघितलं आणि ठरवलं की मिरजेला जायच्या आधी मी विमानात बसेन ते त्या टीमबरोबर. मला दुसरं काहीही नको होतं. आई-बाबांना मी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "आधी बीजगणित."

आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांच्या मागे मी सराव करायचे. हारिस, म्हणजे इमारतीची राखण करणारा म्हातारा इजिप्शियन, त्याला आईनं एकदा ब्लडप्रेशरच्या गोळ्या समजावून दिल्या होत्या, म्हणून तो डोळेझाक करायचा. जुनी गादी टाकीला बांधली होती, त्यावर कोळशानं चौकोन. पण नेम चुकला की बॉल सिमेंटवर घासायचा आणि चामडं फाटायचं. बॉल कुवेतमध्ये सहजासहजी मिळत नसत. कोच प्रत्येकाला एक द्यायचा आणि तो जीवापाड जप म्हणायचा. माझा तिसऱ्याच आठवड्यात उसवला. मी जेवणाच्या टेबलाशी बसून सुई-दोऱ्यानं शिवत होते, बाबा समोर चहा पीत होते.

"ह्यो फाटता कित्याक?"

"सिमेंट," मी म्हटलं.

त्यांनी बशी बाजूला सारली आणि व्हर्निअर काढलं. बॉल फिरवून फिरवून तीन ठिकाणी माप घेतलं, शिवण किती वर आलीय तेही घेतलं, आणि सिगारेटच्या पाकिटावर लिहिलं. मी बघत होते. माझ्या खेळाची त्यांनी दखल घेतली ती ही पहिली. "उद्या बनवून हाडतंय" असं मात्र या खेपेला म्हणाले नाहीत. आठवडा गेला. गुरुवारी संध्याकाळी आले, डबा ओट्यावर ठेवला आणि डब्यातून काढून माझ्या हातात ठेवला. पांढराशुभ्र, टेफ्लॉनचा. शिवणीच्या जागी शिवणीसारखी बारीक उठावाची रेघ, तीही सगळीकडून फिरवलेली. लेथवर सरळ दांडा कुणीही करील. गोल बॉल करायचा आणि त्यावर ती वळणदार रेघ हातानं कोरायची, याला किती वेळ लागतो ते मला पुढे कळलं. जेवणाच्या सुट्टीत आठ दिवस ते तेच करत होते.

"घे. ह्यो काय फाटूचो नाय. तीन जाग्यार माप घेतलंय, केसाचो फरक नाय."

बॉल हातात घेतला आणि माझं मनगट खाली गेलं. खऱ्याच्या तिप्पट तरी जड होता. बाबांनी ते पाहिलं. "वजन जरा जास्त आसा. बरा. हात तयार जातलो." वर्कशॉपात नव्या हेल्परला ते सहा महिने जड हातोडा देतात आणि मग हलका देतात, तो मग पिसासारखा चालतो, हे त्यांनी मला सांगितलं. एवढं सलग बोललेले बाबा मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी म्हटलं, "परफेक्ट आहे, बाबा." टर्नरच्या जगात मापात बसलेली वस्तू बरोबर असते. ड्रॉइंगवर वजन लिहिलेलं नसतं.

मग रोज संध्याकाळी साठ. कधी सत्तर. धप्प, धप्प, गादीवर. अजान व्हायची, समोरच्या बकाल्याचं, म्हणजे किराणा दुकानाचं, शटर वाजायचं, खाली मुलं सायकलींवर ओरडत असायची, आणि मी फेकत असायचे. खरं सांगायचं तर शुक्रवारी मैदानावर खरा बॉल हातात आला की तो खरोखर पिसासारखा वाटायचा. झैनबचा पंजा असा वाजायचा की ती हात झटकत ओरडायची, "व्हॉट आर यू ईटिंग, या?" मी म्हणायचे, सरंगो. बाबांचं म्हणणं खरं ठरत होतं. मी त्यांना तसं सांगितलं आणि ते चहाच्या कपात हसले.

दुखायला लागलं ते कोपराच्या आतल्या बाजूला. आधी नुसती ठुसठुस. मग दप्तर उचलताना. मग नळ सोडताना. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईनं खेळ बंद केला असता, सामना तीन आठवड्यांवर होता, आणि शिवाय तो बॉल. बॉल बाबांनी केला होता. झैनबच्या तेवढ्यात लक्षात आलं होतं. "तुझ्या बॉलातला जोर गेलाय, खाली बसायला लागलेत," ती म्हणाली, चक्क मराठीत. ती गंभीर झाली की तिचं इंग्रजी पळायचं. मी तिला गप्प बस म्हटलं. ती बसली. आज वाटतं, तिनं तेव्हा माझ्या आईकडे जायला हवं होतं. गेली असती तर मी तिचं तोंड आयुष्यात पाहिलं नसतं, हेही तितकंच खरं.

सामन्याला आठ दिवस होते. आईची त्या दिवशी सकाळची ड्यूटी, दुपारी आम्ही दोघीच जेवायला बसलो होतो. तिरफळं घातलेलं माशांचं सांबारं, भात. मी चमचा घेतला होता.

"चमचा कशाला गं?" आई म्हणाली. "आणि डाव्या हातात?"

"असंच."

"माशाला चमचा? अंगठ्यानं काटे काढणारी पोरगी तू. उजवा हात दाखव."

"आई, इट्स नथिंग."

"नथिंग तुझ्या मास्तराला सांग. दाखव म्हटलं ना!"

हात पूर्ण सरळ होत नव्हता. तिनं बोटानं नुसता आतला उंचवटा दाबला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून ताट तसंच ठेवून उठली. तासाभरात आम्ही तिच्या इस्पितळात होतो. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, वाढत्या वयाचं हाड आहे, अजून जुळायचंय, तिथेच ताण येऊन फट पडलीय. तीन महिने काही फेकायचं नाही. बॉल नाही, दगड नाही, काही नाही. मी आठ दिवस म्हटलं, त्यांनी नकाराची मान हलवली. मी रडले नाही. मला फक्त तिथून पळत सुटायचं होतं आणि हात गळ्यात बांधला होता.

घरी आल्यावर आई सरळ गच्चीवर गेली. खाली आली तेव्हा तिच्या हातात तो टेफ्लॉनचा बॉल होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिनं तो ठेवला, मग माझा उसवलेला बॉल ठेवला, मग पुन्हा तो. मी दारात उभी होते. काट्यावरचे दोन्ही आकडे पाहून ती ओट्याला टेकून खाली बसली. माझी आई, जी कशानंही हलत नसे.

"रोज किती?"

"साठ. सेव्हंटी."

"अगं, मग बोलायचं नाही का? तोंड दिलंय ना देवानं?"

"ही मेड इट, आई."

तिनं मला शेजारी बसवलं. मग म्हणाली, "ऐक. त्यांना हे कधीच सांगायचं नाही. जास्त फेकलंस म्हणून दुखावलं, एवढंच. हा माणूस लेकीला जवळ घेऊन दोन शब्द बोलू शकत नाही, त्याला जे येतं ते हे आहे. ते आपण त्याच्या हातून काढून घ्यायचं नाही. कळलं?" मला कळलं होतं. मलाही तेच हवं होतं. पण मला रागही आला होता, इतका की आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी त्या बॉलला, बाबांना, मिरजेला आणि देवाला सगळ्यांना शिव्या दिल्या. इंग्रजीत. आई केस थोपटत राहिली आणि अधूनमधून म्हणत होती, "हळू, हारिस ऐकेल."

सामन्याच्या दिवशी मी जाणारच नव्हते. सकाळी सहाला बाबा बूट घालून दारात उभे. "झैनब खेळता मां? मगे जावया." माझा एकही सामना न पाहिलेला माणूस. वर्कशॉपाची पिकअप घेऊन आम्ही तिघं निघालो. झैनब सामन्याच्या विचारानं पायानं ताल धरत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. मैदानावर निवडणारे दोघे टोप्या घालून खुर्च्यांवर बसलेले. नेस्टर कोचनं माझ्या गळ्यातल्या पट्टीकडे पाहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या जागी एका कोरियन पोराला पाठवलं. बाबांनी कुंपणाबाहेर चटई टाकली. मी शेजारी बसले. पाच मिनिटं गेली. मग बाबांनी घसा साफ केला.

"गो बाय, तुझो हात नेमको कशान..."

आणि मी बोलायला लागले.

"बाबा, तो बघा, तो उंच आहे ना, तो पिचर. तो आता फेकणार. झैनब बोटांनी खुणावतेय, बघा, एक बोट म्हणजे सरळ जोरात, दोन बोटं म्हणजे वळणारा. फेकला! चुकला बॅटवाला, एक झाला. असे तीन झाले की तो घरी." मी थांबलेच नाही. थांबले असते तर त्यांनी प्रश्न पुरा केला असता. कोपऱ्यांवर टाकलेल्या त्या गोण्या कशाला, धावणारा मधेच का थांबला, पंचानं हात का वर केला, मी सांगत सुटले. शब्द अडले की मालवणी घेतला, तो संपला की आईचा मिरजेचा घेतला, तोही नसला की इंग्रजी, पण वाक्य खाली पडू दिलं नाही. पंधरा वर्षं न बोललेली मराठी एका सकाळी बाहेर पडली. शेजारच्या कॅम्पातली माणसं सुट्टी म्हणून कपडे वाळत घालत होती. सुतार, रंगारी, कुणी गुहागरचे, कुणी देवगडचे. कानावर मराठी पडली म्हणून एकेक जण कुंपणाशी येऊन उभा राहिला. "ताई, आता काय झालं?" "तो परत का पळाला?" अर्ध्या तासात तीसेक माणसं जमली. ती टाळ्या वाजवायची, पण दुसऱ्याच टीमला, आणि चुकीच्या वेळी. शेवटी नेस्टर कोच वैतागून आला आणि हातातला भोंगा माझ्या डाव्या हातात दिला. "यू टॉक. टेल देम व्हेन टु क्लॅप."

सामना अर्ध्यावर असताना एक बॉल बॅटची कड घेऊन कुंपणावरून बाहेर आला आणि बाबांच्या चटईपाशी घरंगळला. बाबांनी तो उचलला. मी भोंग्यात बोलत होते, पण तिरक्या नजरेनं मला दिसत होते. त्यांनी तो तळहातावर ठेवला, जरासा वर उडवला, झेलला. पुन्हा उडवला. टेबलावर माप घेताना माझा बॉल त्यांनी हाताळलेला होता, पण असा तोलला नव्हता. मग त्यांनी माझ्या गळ्यातल्या पट्टीकडे पाहिलं. आतून पोरं "बॉल, अंकल, बॉल!" ओरडत होती. बाबांनी तो आत फेकला, वाकडातिकडा, आणि परत बसले. मी भोंग्यात सांगत होते की दोन बाद झालेत, दोन गोण्यांवर माणसं आहेत आणि आता झैनबची बॅटिंग. मी बोलत राहिले. सामना संपेपर्यंत त्यांनी मला काही विचारलं नाही.

झैनबची निवड झाली. ती रडली, मीही रडले, तिच्या अम्मीनं घावनं पाठवली. त्या उन्हाळ्यात ती विमानात बसली त्या टीमबरोबर आणि मी बसले जांभळी सूटकेस घेऊन एकटी. जायच्या आधी गच्चीवर बॉल शोधला तर नव्हता. बाबा म्हणाले, "वर्कशॉपात न्हेलंय. माप बघूचा आसा." मी सूटकेस बंद केली.

हात बरा झाला. पूर्ण सरळ तो आजही होत नाही, पण फेकता यायचं. विद्यापीठाकडून खेळले, राज्याकडून खेळले, तीन हंगाम एका कंपनीच्या टीमकडून नोकरी म्हणून खेळले. खांदा दुखावला, कोपर दुखावलं, पुन्हा कोपर. मग कुणीतरी मैदानावर मायक्रोफोन पुढे केला आणि मी तो सोडला नाही. रेडिओ, टीव्ही, आता फोनच्या पडद्यासाठी. क्रिकेट, कबड्डी, जे देतील ते. लग्नानंतर फिरून कुवेतलाच आले, एगैलात राहते, त्या वाळूच्या मैदानापासून दहा मिनिटांवर. तिथे आता मॉल आहे. लोक विचारतात, बाई, तुम्ही दम तरी कधी घेता? मी हसण्यावारी नेते. एक गोष्ट मात्र मला फार उशिरा जाणवली. आईच्या शेवटच्या आजारपणात मी वेंगुर्ल्याला होते. कुकरची मूठ सुटली होती आणि बाबांनी ती बाजारातून आणली. विकतची, काळी प्लास्टिकची. मी आईला म्हटलं, हे काय? आई म्हणाली, "तुला आठवत नाही? तू मिरजेला गेलीस तेव्हापासून त्यांनी घरासाठी एक खिळासुद्धा केला नाही." माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आई तीन आठवड्यांनी गेली.

गेल्या हिवाळ्यात बाबा व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे आले. ऐंशी ओलांडलीय. मी विमानतळावर उभी, सगळे बाहेर आले, हे येईनात. माझा जीव खालीवर. अर्ध्या तासानं आले, बॅगेची चेन उघडीच, कोकमाची पिशवी बाहेर लोंबतेय आणि चेहरा प्रसन्न. कस्टमवाल्यानं त्यांच्या बनियनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढून बघितलं होतं म्हणे, ह्याच्यात काय, म्हणून. "मी म्हटलंय, कायएक नाय. उघडून दाखवलंय. त्येका जोड दिसली नाय!"

घरी आल्यावर त्यांनी ते ओट्यावर ठेवलं. टेफ्लॉनचा बॉल, पिवळट पडलेला. मी उचलला आणि माझं मनगट खाली गेलं नाही. बाबांनी तो माझ्याकडून घेऊन दोन हातांत धरून पिळला आणि त्याची दोन शकलं झाली. आतून पोकळ. कडेला आटे पाडलेले, इतके बारीक की जोडला की सांधा दिसत नव्हता. माझ्या कपाटात जुना सामन्यातला बॉल आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी आधी तो ठेवला. एकशे पंचेचाळीस ग्रॅम. मग बाबांचा. एकशे पंचेचाळीस.

"पयल्या खेपेक एकशे साठ झालेलो," ते म्हणाले. "मगे आतसून आणखी काढलंय."

"कधी केलात?"

"तू मिरजेक गेलंस त्या म्हयन्यात."

"मग दिला का नाहीत?"

ते खुर्चीवर बसले. माझ्या कोपराकडे बघितलं. "परत तुझ्या हातात काय देवचो धीर झालो नाय, गो."

मला रडू आलं. सगळी वर्षं जपलेलं ओठांवर आलं आणि मी सांगून टाकलं, की हो, बाबा, त्या बॉलानंच झालं होतं, आईला आणि मला दोघींना ठाऊक होतं, तुम्हाला कळू नये म्हणून आम्ही...

"माका त्याच दिवशी कळला. मैदानावर."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोलत होतंस," बाबा म्हणाले. "मी ऐकत होतंय."

बाबा उठले, चहासाठी दूध बघायला म्हणून गॅसकडे गेले आणि कुकरपाशी थांबले. मूठ हलवून बघितली. ढिली होती, महिनाभर तशीच होती. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि व्हर्निअर काढलं.

"कागद दी," ते म्हणाले. "आणि उद्या माका अम्गऱ्याक वर्कशॉपात न्हे."